जन्मतः वाकडे पाऊल : प्लास्टरनंतरची चार वर्षे

बाळाचे पाऊल जन्मतःच आत वळलेले आणि टाच वर ओढलेली असेल, तर त्या स्थितीस क्लबफूट म्हणतात. साधारणतः हजार जन्मांमागे एका बाळात ती आढळते. आईने ग्रहण पाळले नाही म्हणून असे झाले, हा समज निराधार आहे. त्यापायी बाळंतिणीला दोष लागतो आणि उपचाराचे मोलाचे आठवडे वाया जातात. मालिशनेही असे पाऊल सरळ होत नाही.

ते सरळ होते पोन्सेटी पद्धतीने. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी ती विकसित केली. पहिल्या काही आठवड्यांत सांध्याभोवतीचे बंध लवचिक असतात, म्हणून तेव्हाच आरंभ करावा. डॉक्टर दर आठवड्यास पाऊल हलक्या हाताने थोडे वळवून मांडीपर्यंत प्लास्टर घालतात. पाच ते सात प्लास्टरांत पाऊल बहुधा जागेवर येते. बऱ्याच बाळांत टाचेमागची ताठर कंडरा लहानसा छेद देऊन सैल करावी लागते. त्यानंतरचे शेवटचे प्लास्टर तीन आठवड्यांचे असते. बोटे निळी, थंड वा सुजलेली दिसली, किंवा प्लास्टरच्या आत सरकली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

खरी कसोटी यापुढे असते. पट्टीने जोडलेले बूट पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास, आणि नंतर मूल चार-पाच वर्षांचे होईपर्यंत झोपेच्या वेळी घालावयाचे असतात. मूल चालू लागते, पाऊल सरळ दिसते आणि घरातले कोणीतरी म्हणते, ‘आता कशाला त्या जिवाला त्रास?’ बूट सुटतात आणि पाऊल पुन्हा वळू लागते. सुरुवातीचे दोन-तीन दिवस बाळ रडेल. दोन्ही पाय एकत्र हलवून त्याला खेळवावे, सुती मोजे घालावेत, त्वचा रोज पाहावी. फोड आल्यास डॉक्टरांना दाखवावे, बूट परस्पर बंद करू नयेत.

बाळंतपण माहेरी आणि संसार दिल्लीत, अशा मराठी कुटुंबांत उपचार नेमका प्रवासात तुटतो. निघण्यापूर्वी उपचारपत्रिका सोबत घ्यावी आणि दिल्लीतील पुढचे रुग्णालय आधीच ठरवावे.

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूट, खुब्याच्या सांध्याचा जन्मजात दोष आणि मुडदूस यांची तपासणी व उपचार मोफत होतात. अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंकडे चौकशी करावी.

खुब्यासाठी एवढेच : बाळाचे पाय ताणून दुपट्यात घट्ट बांधू नयेत. कडेवर घेण्याची आपली जुनी रीत मात्र खुब्यांना मानवते. दोन वर्षांपर्यंत पाय किंचित धनुष्याकृती असणे बहुधा स्वाभाविक असते; बाक त्यानंतरही वाढत राहिला, तर तपासणी करावी. आणि तापासह मूल लंगडू लागले किंवा पाय टेकवेनासे झाले, तर सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो : घरगुती शेक न देता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.