वास आणि तीसचा आकडा

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचा परवाना रस्त्यावरच काढून घेतला जातो, त्या प्रक्रियेची सुरुवात एका माणसाच्या नाकापासून होते. मुंबईत शनिवारी रात्री बॅरिकेड तिरकी लावून रस्ता एका गाडीपुरता अरुंद करतात. गाडी थांबते, काच खाली येते आणि वाहतूक शाखेचा हवालदार खिडकीशी वाकून विचारतो, "कुठून आलात?" उत्तराशी त्याला फारसे देणेघेणे नसते. बोलायला तोंड उघडले की श्वास बाहेर येतो, तो त्याला हवा असतो. बडीशेप, वेलदोडा, मिंटची गोळी, घाईघाईने मारलेला अत्तराचा फवारा, या सगळ्यांच्या खालून येणारा आंबूस-गोडसर वास ओळखायचा असतो, तोही डिझेलच्या धुरात आणि एका रात्रीत शेकडो खिडक्यांशी वाकून.

हा वास कायद्यानेही महत्त्वाचा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २०३ प्रमाणे गणवेशातला पोलीस अधिकारी चालकाला श्वासाची चाचणी द्यायला सांगू शकतो, पण चालक प्यायला असल्याचा संशय घ्यायला वाजवी कारण असले तरच. लाल झालेले डोळे, अडखळणारी जीभ, गाडीचे नागमोडी येणे ही अशी कारणे. पण बहुतेक वेळा कारण एकच असते, वास. मात्र वासाच्या जोरावर गुन्हा सिद्ध होत नाही. महाराष्ट्रातल्याच एका अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये सांगितले की तोंडाला दारूचा वास, अडखळती चाल, विस्फारलेली बुबुळे आणि विस्कळीत बोलणे एवढ्यावरून माणूस नशेत होता असे ठरवता येत नाही. म्हणजे नाक दार उघडून देते. पुढे आकडा लागतो.

तो आकडा तीस. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क असेल तर कलम १८५ लागू होते. मूळ १९८८ च्या कायद्यात ही मर्यादा नव्हती. रक्तात कितीही थोडे मद्य असले तरी गुन्हा होता. १९९४ च्या दुरुस्तीने तीस आले आणि आजपर्यंत तेच आहे. खासगी मोटार, ट्रक, रिक्षा, स्कूटर, सगळ्यांना हाच आकडा. अमली पदार्थांसाठी मात्र असा आकडाच नाही. वाहनावर नीट ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल, एवढीच व्याख्या आहे. गांजा ओढलेल्याला श्वासाची चाचणी पकडत नाही आणि गोळ्या घेतलेल्याला नाकही पकडत नाही. कायद्याची ही बाजू अजून फार कच्ची आहे.

तीस म्हणजे प्रत्यक्षात किती? नाकाबंदीवर सर्वांत जास्त ऐकू येणारे वाक्य म्हणजे, "साहेब, एकच बिअर घेतली." हे वाक्य पुष्कळदा खरे असते, आणि तरीही बोलणारा दोषी असतो. महाराष्ट्रात सर्रास मिळणारी स्ट्राँग बिअरची मोठी बाटली ६५० मिलिलिटरची. तिच्यात आठ टक्के मद्यार्क धरला तर तो साधारण ४१ ग्रॅम भरतो. सत्तर किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात त्यामुळे प्रमाण ८५ च्या आसपास जाऊ शकते, तीसच्या जवळजवळ तिप्पट. ६० मिलिलिटरचा एक लार्ज पेग घेतला तरी ते चाळीसच्या वर जाते. क्वार्टर संपवली तर सव्वाशे. यकृत हे मद्य १०० मिलिलिटर रक्तामागे तासाला साधारण १५ मिलिग्रॅमच्या गतीने निकालात काढते, आणि लिंबू सरबत, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ किंवा भरपेट बिर्याणी यांपैकी कशानेही ही गती वाढत नाही. त्या एका बाटलीनंतर तीसखाली यायला जवळपास चार तास लागतात, क्वार्टरनंतर सहाहून अधिक. रात्री दोनला झोपलेला माणूस सकाळी सातला गाडी काढतो, तेव्हा अंगात थोडे शिल्लकच असते. हे सगळे ढोबळ हिशेब आहेत. वजन, स्त्री-पुरुष फरक आणि पोटातले अन्न यांनी ते बदलतात. पण "एकच" या शब्दाचा भरवसा धरता येत नाही, एवढे त्यांतून नक्की दिसते.

वास आला की हवालदार दुसऱ्याला हाक मारतो आणि मशीन येते. पाकीट फोडून नवी प्लॅस्टिकची नळी लावतात आणि चालकाला सलग चार-पाच सेकंद फुंकायला सांगतात. मशीनच्या आत प्लॅटिनमचा पत्रा असलेला सेल असतो. श्वासातल्या मद्यार्काचे त्यावर ऑक्सिडीकरण होऊन क्षीण वीजप्रवाह तयार होतो आणि त्यावरून आकडा निघतो. सुमारे २१०० मिलिलिटर श्वासात जेवढा मद्यार्क असतो तेवढा एक मिलिलिटर रक्तात असतो, हे गृहीत धरून मशीन श्वासाचे माप रक्ताच्या मापात बदलते. काही जण गाल फुगवून नुसता आवाज काढतात, नळीच्या कडेने हवा सोडतात. मशीन ते ओळखते आणि पुन्हा फुंकायला लावते. एक अडचण खरी असते. नुकताच घोट घेतला असेल किंवा मद्यार्क असलेल्या माउथवॉशने चूळ भरली असेल, तर तोंडातल्या अंशामुळे आकडा फुगतो. पंधरा मिनिटे थांबून पुन्हा चाचणी घेतली की हा प्रश्न सुटतो. चालकाने अशी मागणी केली तर ती नाकारू नये, कारण ३१ आणि २९ यांच्यामध्ये माणसाची रोजीरोटी उभी असते.

फुंकायलाच नकार दिला म्हणून सुटका नाही. संशयाला कारण असेल तर नकार देणाऱ्याला वॉरंटशिवाय अटक करता येते, आणि विनाकारण नकार हा कलम २०५ प्रमाणे त्याच्याच विरुद्ध पुराव्याला बळ देतो.

मशीनने तीसच्या वर आकडा दाखवला की रस्त्यावरचे मुख्य काम सुरू होते. हा गुन्हा तडजोडीचा नाही, म्हणजे जागेवर दंड भरून, पावती फाडून मोकळे होता येत नाही. नोंद होते, गाडी सोबतच्या न प्यायलेल्या माणसाकडे दिली जाते किंवा अडकवून ठेवली जाते, आणि परवाना मागितला जातो. १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीत या क्षणासाठी कलम २०६ चे पोटकलम ४ आहे. कलम १८५ चा गुन्हा घडल्याचे मानायला कारण असेल, तर पोलिसाने परवाना ताब्यात घेऊन परवाना प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे आरटीओकडे पाठवायचा. बदल्यात चालकाला तात्पुरती पोच मिळते. इतर काही प्रसंगी दिल्या जाणाऱ्या पोचेवर गाडी चालवता येते. या पोचेवर येत नाही. परवाना परत हातात येईपर्यंत चाक हातात घ्यायचे नाही, असे कायदा स्पष्ट सांगतो. या कलमात "निलंबन" हा शब्द कुठेही नाही, पण त्या पोचेने निलंबन रस्त्यावरच सुरू होते. चालकांना हे फार क्वचित समजावून सांगितले जाते. बरेच जण ती चिठ्ठी खिशात घालून दुसऱ्या सकाळी त्याच गाडीने कामाला निघतात.

परवाना आता पुष्कळांच्या मोबाइलमध्ये असतो, हातात घ्यायला कार्डच नसते. अशा वेळी जप्तीची नोंद ई-चलान यंत्रणेतून सरकारी पोर्टलवर करायची, असे नियम सांगतात.

इथे पोलिसाच्या अधिकाराची सीमा संपते. परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा निर्णय तो देऊ शकत नाही. तो फक्त ताब्यात घेऊन पाठवतो. कोलकाता उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हीच रेषा आखून दिली. ती योग्य आहे. जो वास घेतो त्यानेच शिक्षा सुनावू नये.

अटक झाली तर दोन तासांची मुदत लागू होते. कलम १८५ खाली धरलेल्याची दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाहीतर त्याला सोडावे लागते. रक्त नोंदणीकृत डॉक्टरच काढतो. सुई टोचण्याआधी त्वचा स्पिरिटने पुसायची नसते, आणि नमुन्यात सोडियम फ्लोराइड घालतात, म्हणजे कुपीत आंबण्याची क्रिया होऊन आकडा बदलत नाही. मुंबईतले नमुने कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात. ही साखळी किती नाजूक आहे हे मे २०२४ मध्ये पुण्यातल्या कल्याणीनगरच्या अपघातानंतर सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. दोन तरुण अभियंते जागीच गेले, आणि चालकाच्या रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. गाडीशेजारी, लोकांदेखत, काही मिनिटांत फुंकलेल्या श्वासाचे मोल अशा वेळी कळते.

न्यायालयात पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, पंधरा हजार दंड किंवा दोन्ही. २०१९ पूर्वी पहिला दंड दोन हजारांपर्यंतच होता. तो भरून निघून जाणारे लोक पाहिले की दंडाच्या रकमेने कुणी सुधारत नाही, हे पटते. चाक हातातून जाणे मात्र लागते.

म्हणूनच आरटीओतली सुनावणी महत्त्वाची. कलम १९ प्रमाणे परवाना प्राधिकाऱ्याने चालकाचे म्हणणे ऐकून घ्यायचे, आणि कारणे लेखी नोंदवून पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिने अपात्र ठरवायचे किंवा मोकळे सोडायचे. तीन महिन्यांचा हा आकडा जुना आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच सर्व राज्यांना मद्यपी चालकांचा परवाना किमान तीन महिने निलंबित करायला सांगितले होते. पण सुनावणी किती दिवसांत घ्यायची, याचा आकडा या कलमात नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१० पासून रस्त्यावरच निलंबनाची नोटीस हातात पडते. १०० मिलिलिटरमागे ८० मिलिग्रॅमच्या वर गेलेल्यांना नव्वद दिवस, ५० ते ८० मधल्यांना पहिल्या वेळी तीन दिवस, आणि दाद मागायला सात दिवस. सगळे आकडे ठरलेले, शिक्षा त्याच रात्रीपासून. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ही पद्धत प्रांताच्या अधिकारात असल्याचे मान्य केले, पण दाद मागण्याची सुरुवातीची सोय अपुरी असल्याचा ठपकाही ठेवला; ती सोय तोवर सुधारली गेली होती. त्वरित शिक्षा आणि वेळेत सुनावणी या दोन्ही गोष्टी लागतात. महाराष्ट्रात पहिली अर्धवट आहे आणि दुसरी रेंगाळते.

रेंगाळण्याचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. पगारी ड्रायव्हर ठेवू शकणाऱ्याला तीन महिने मागच्या सीटवर बसावे लागते. रिक्षावाल्याच्या घरात तीन महिने चूल कशी पेटायची हा प्रश्न उभा राहतो, आणि सुनावणी लांबली तर तीनाचे चार-पाच होतात. त्याला सवलत द्यावी असे नाही. त्याच्या मागे तीन प्रवासी बसलेले असतात. त्याची सुनावणी वेळेत व्हावी, एवढी मागणी न्याय्य आहे.

वर्तमानपत्रे पकडलेल्यांना "तळीराम" म्हणतात. नाटककार गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तले हे नाव आता बातमीत हसू आणते. रस्त्यावर मात्र हसण्यासारखे काही नसते. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली आणि सात जण मेले. चालकाच्या रक्तात ११२ निघाले, तीसच्या पावणेचार पट. उच्च न्यायालयाने दिलेली तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम केली. २०१० च्या जानेवारीत मुंबईत रस्त्यावर ड्यूटीवर असलेल्या पोलिसांवरच मद्यपी चालकाची गाडी आली. एक उपनिरीक्षक आणि एक दुचाकीस्वार गेले. बॅरिकेडपाशी वाकणारा हवालदार हे जाणून उभा असतो. येणाऱ्या दिव्यांकडे तोंड करून, अंगात चमकणारे जाकीट घालून.

निलंबनाच्या काळात गाडी चालवताना सापडल्यास कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार दंड किंवा दोन्ही. मुदत संपल्यावर उजळणी प्रशिक्षणाची अट आहे. ते पूर्ण केल्यावर परवाना परत मिळतो, पण अपात्रतेची नोंद पोर्टलवर तारखेनिशी राहते आणि पुढच्या नाकाबंदीवर परवाना क्रमांक टाकला की दिसते. दुसऱ्यांदा तीस ओलांडले तर परवाना रद्द करण्याची तरतूद आहे, आणि ज्याचा रद्द झाला त्याचे नाव जाहीर करण्याची मुभा प्राधिकाऱ्याला आहे.