सोबतीचं घर: सोटेरिया

कॅलिफोर्नियातल्या सान होजे शहरात १९७१ साली बारा खोल्यांच्या एका जुन्या घरात सहा रुग्णांची राहायची सोय झाली. सगळे तरुण, स्किझोफ्रेनियाची नुकतीच सुरुवात झालेले. कानात आवाज येताहेत, झोप उडाली आहे, घरच्यांवरचाही विश्वास उडाला आहे, अशा अवस्थेतली ही मुलं. त्यांना थेट रुग्णालयात भरती करायचं, हीच तेव्हाची रीत होती. सोटेरिया नावाच्या या घराने ती मोडली.

घर सुरू करणारे डॉ. लॉरेन मोशर बंडखोर म्हणून वाळीत टाकलेले गृहस्थ नव्हते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत स्किझोफ्रेनियाच्या संशोधन केंद्राचे ते प्रमुख होते. सोबतीला माणसं नेमताना मात्र त्यांनी पदव्या पाहिल्या नाहीत. समोरच्याच्या भीतीने स्वतः न घाबरणारी, त्याला शहाणपण शिकवायला न जाणारी माणसं त्यांना हवी होती. ही माणसं एका वेळी चोवीस ते अठ्ठेचाळीस तास घरातच राहत. स्वयंपाक, झाडलोट सगळ्यांनी मिळून करायची. पहिले सहा आठवडे मनोविकारावरची औषधं शक्यतो द्यायची नाहीत, असा प्रयोगाचा नियम होता. फारच गरज पडली तर अपवाद.

पैशाअभावी हे घर १९८३ मध्ये बंद पडलं. पण पुढच्याच वर्षी मानसोपचारतज्ज्ञ ल्युक चिओम्पी यांनी स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात दुसरं सोटेरिया उभं केलं, आणि ते आजही चालू आहे. तिथली ‘मऊ खोली’ मला या सगळ्या कल्पनेचं मर्म वाटते. खोलीत सामान जवळजवळ नाहीच; जमिनीवर गाद्या, आवाज कमी, ये-जा कमी. आजार ऐन भरात असलेल्या माणसाजवळ तिथे कोणी ना कोणी सतत बसलेलं असतं. त्याला बोलायचं असेल तर बोलायचं, नसेल तर नुसतं बसायचं. रुग्ण निवळू लागला, की हळूहळू स्वयंपाकघरात, बागेत, इतरांच्यात येतो. बर्नमध्ये औषधं वर्ज्य नाहीत. ती जमेल तितक्या कमी मात्रेत देतात.

निष्कर्ष काय? सोटेरियावरच्या अभ्यासांचा आढावा २००८ साली निघाला. काही रुग्णांच्या बाबतीत ही पद्धत रुग्णालयातल्या उपचारांइतकीच, क्वचित थोडी अधिक गुणकारी दिसली. अभ्यास मोजकेच असल्याने आढावा घेणाऱ्यांनी आणखी संशोधन मागितलं. म्हणून हे वाचून कोणी चालू औषधं स्वतःच्या मनाने थांबवू नयेत. ते जिवावर बेतू शकतं. माझ्या मते सोटेरियाचा खरा धडा औषधांचा नाहीच. माणूस सर्वांत घाबरलेला असतो, तेव्हा त्याला एकटं सोडायचं नाही आणि कोंडायचंही नाही, हे तिथे करून दाखवलं गेलं.

आपल्याकडे काय आहे? ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं, सरकारी इस्पितळांतले मानसोपचार विभाग, काही सेवाभावी संस्था. आणि बाकी सगळा भार रात्र-रात्र जागणाऱ्या आई-बापांवर. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने समाजात राहण्याचा हक्क दिला आहे आणि त्यासाठी निवारागृहं, गटघरं उभारायची किंवा त्यांना पाठबळ द्यायची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. आपल्या जिल्ह्यात असं घर कधी होणार, हे आपल्या आमदाराला विचारा. पत्र लिहा, पाठपुरावा करा. कायदा आपल्या बाजूने आहे.