बोटीवरचे जेवण आणि आपली साडी

"मुलगा बोटीवर आहे" असे कुणी सांगितले, की मुंबईत, कोकणात आणि गोव्यात जास्त विचारावे लागत नाही. कुणाचा मुलगा मालवाहू बोटीवर असतो, तर कुणाचा प्रवाशांना सहलीला नेणाऱ्या मोठ्या बोटीवर. या सहलीच्या बोटींना क्रूझ म्हणतात. त्यांच्यावर कुक, वेटर, केबिनची साफसफाई करणारे स्टुअर्ड म्हणून आपल्याकडची पुष्कळ मुले काम करतात. आता मुलीही जाऊ लागल्या आहेत. काही कंपन्या अशा कामगारांच्या आईवडिलांना किंवा पत्नीला सवलतीच्या दरात बोटीवर येऊ देतात. शिवाय २०२१ च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलिया कंपनीच्या क्रूझ बोटीने मुंबईहूनच गोव्याकडे जाण्याची सोय झाली. त्यामुळे जे सुख पूर्वी फक्त सिनेमात पाहायला मिळायचे, ते एखाद्या साध्या पगारदार घरातही येऊ शकते.

तिकीट हातात पडते, सगळ्यांना आनंद होतो. मग बरोबरच्या कागदांत एक सूचना सापडते. संध्याकाळनंतर जेवणाच्या दालनात अमुक पोशाख हवा! तिथे घरातली आई मागे सरते. "तुम्ही जा जेवायला, मी खोलीतच काहीतरी खाईन. माझ्याकडे तसले कपडे नाहीत. उगीच माझ्यामुळे पोराला खाली बघायला नको." वडीलही मग म्हणतात, "मीही खोलीतच बसतो." नाहीतर उलटे होते. चार जणांत नाक राहावे म्हणून कर्ज काढून नवा सूट शिवला जातो आणि तो पुन्हा कधीच अंगाला लागत नाही. या दोन्ही गोष्टी टाळता येतात. त्यासाठी तो नियम नीट वाचला पाहिजे.

ही चाल आली कुठून?

पूर्वी भाऊच्या धक्क्यावरून कोकणात आणि गोव्याला बोटी जात. डेकवर सतरंजी अंथरायची, घरून बांधून आणलेली भाकरी सोडायची आणि वाऱ्यात बसून खायची. अंगावर काय आहे, हे कुणी विचारत नसे. मग या मोठ्या बोटींवरच ही पोशाखाची भानगड का?

याचे मूळ विलायतेत आहे. तिथली श्रीमंत मंडळी स्वतःच्या घरीसुद्धा रात्रीच्या जेवणासाठी कपडे बदलून बसत. तीच मंडळी आगबोटीच्या पहिल्या वर्गातून प्रवास करू लागली, तेव्हा आपली रीत बरोबर घेऊन आली. पुरुषांचा काळा डिनर जॅकेट आणि गळ्याला बो टाय हा त्या रीतीचा गणवेश झाला. अमेरिकेत त्याला टक्सिडो म्हणतात. न्यूयॉर्क राज्यातल्या टक्सिडो पार्क या धनिकांच्या वस्तीत तो १८८६ च्या सुमारास रूढ झाला आणि त्या वस्तीचेच नाव त्याला मिळाले.

तुमच्यापैकी अनेकांनी १९९७ सालचा 'टायटॅनिक' सिनेमा पाहिला असेल. त्यातला जॅक तिसऱ्या वर्गाचा प्रवासी. त्याला पहिल्या वर्गाच्या जेवणाचे आमंत्रण येते, पण घालायला कपडे नसतात. मॉली ब्राऊन ही प्रेमळ बाई आपल्या मुलाचा सूट त्याला देते. तो घातल्यावर दारातला माणूस अदबीने दार उघडतो. गोष्ट सिनेमातली असली, तरी १९१२ साली बुडालेल्या त्या खऱ्या बोटीवर तिन्ही वर्गांची जेवणाची दालने खरोखरच वेगवेगळी होती. तिथे कपडा म्हणजे वर्गाची पाटीच होती.

त्या काळातही एक सूट होती. प्रवासाच्या पहिल्या आणि शेवटच्या रात्री पहिल्या वर्गातले लोकही साध्या कपड्यांत जेवत. पहिल्या रात्री पेट्या उघडलेल्या नसत आणि शेवटच्या रात्री त्या बांधून झालेल्या असत. म्हणजे सोय पाहून नियम वाकवणे त्यांनाही चालत होते.

आज नियम काय सांगतो?

आज सगळ्या बोटींची तऱ्हा एक नाही. नॉर्वेजियन क्रूझ लाइन या कंपनीने २००० साली 'फ्रीस्टाइल' पद्धत सुरू केली आणि सुटाबुटाची सक्ती काढून टाकली. इतर पुष्कळ कंपन्यांनीही हळूहळू दोर सैल सोडला. लोक आता विमानाने बंदरापर्यंत येतात. विमानात सामान मोजून नेता येते, मग सात दिवसांचे सात सूट आणणार कसे?

जुनी शिस्त पाळणारी म्हणून क्युनार्ड ही ब्रिटिश कंपनी ओळखली जाते. तिची 'क्वीन मेरी २' ही बोट २००४ च्या जानेवारीत पहिल्या सफरीला निघाली. सुमारे २७०० प्रवासी घेऊन ती इंग्लंडमधील साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला सहसा सात रात्रींत जाते. सर्वांत कडक नियम तिथला, म्हणून तोच पाहू. तिथे जमले, तर कुठेही जमेल.

संध्याकाळी सहानंतर तिथे दोन तऱ्हेचे पोशाख चालतात. रोजच्या रात्री 'स्मार्ट' पोशाख. म्हणजे पुरुषांना इस्त्रीचा कॉलरचा शर्ट, पूर्ण पँट आणि बूट. कोट असला तर बरा, टाय नसली तरी चालते. अर्धी चड्डी, फाटकी जीन्स, बिनबाह्यांचा बनियन मात्र चालत नाही. सात रात्रींत सहसा दोन रात्री 'गाला' असतात. त्या रात्री पुरुषांना डिनर जॅकेट किंवा गडद रंगाचा सूट व टाय, आणि स्त्रियांना समारंभाचा पोशाख. आता पुढचे नीट वाचा. ज्याच्या त्याच्या देशाचा समारंभाचा पोशाखही या रात्री चालतो. म्हणजे आपली साडी कडक नियमातही बसते. त्यासाठी कुणाची परवानगी मागायची नाही की कुणाची माफीही मागायची नाही.

आणि समजा, एखाद्या रात्री नटायचा कंटाळा आला, तरी उपाशी राहावे लागत नाही. त्याच बोटीवर 'किंग्ज कोर्ट' नावाचे दालन आहे. तिथे हाताने वाढून घ्यायचे, गालाच्या रात्रीही साधे कपडे चालतात.

भगिनींसाठी

या कागदांत 'इव्हिनिंग गाऊन' असा शब्द येतो. आपल्याकडे गाऊन म्हणजे घरात घालायचा, नळावर पाणी भरताना वर ओढणी टाकायचा तो! तो गाऊन घालून केबिनच्या बाहेर पडायचे नाही, एवढे लक्षात ठेवावे. इंग्रजीतला गाऊन म्हणजे समारंभाचा पायघोळ झगा. त्याच्या जागी साडी नेसली की काम झाले.

पैठणी असेल तर उत्तमच, पण ती हवीच असे नाही. लग्नकार्यात नेसता ती काठपदराची साडी चालते. भरतकामाचा चांगला पंजाबी ड्रेसही चालतो. दोन साड्या आणि तीन ब्लाऊज नेले, तर चार रात्री निघतात. क्युनार्डच्या काही गाला रात्रींना रंग ठरलेला असतो. त्यांपैकी एक रात्र काळ्या-पांढऱ्या कपड्यांची असते. विहारात वंदनेला जाताना नेसायची पांढरी साडी आपल्या घरात असतेच. तिच्यावर काळा ब्लाऊज घातला, की त्या रात्रीचा पोशाख तयार. नवीन काही घ्यायला नको.

साडी कोणती न्यावी, हे ठरवताना इस्त्रीचा विचार करा. आगीच्या भीतीने बोटीवर स्वतःची इस्त्री आणू देत नाहीत. क्वीन मेरीवर प्रवाशांसाठी कपडे धुण्याची आणि इस्त्रीची वेगळी खोली आहे, पण सगळ्या बोटींवर ती नसते. म्हणून कडक सुती साडीपेक्षा न चुरगळणारी साडी बरी. फॉल-बिडिंग आधी करून घ्या, पिना भरपूर ठेवा. डेकवर वारा सुटला, की पदर आवरता आवरत नाही. बोट हलते, म्हणून उंच टाचांची चप्पल नको. जेवणाच्या दालनात एसीचा गारठा असतो, खांद्यावर शाल असू द्या.

बंधूंसाठी

नवा टक्सिडो शिवण्याची गरज नाही. काळा, गडद निळा किंवा गडद राखाडी सूट पुरेसा आहे. लग्नातला सूट गडद असेल तर तोच काढा. बंद गळ्याचा जोधपुरी कोटही आपल्या देशाचा समारंभाचा पोशाख आहे. पांढरा शर्ट, साधी टाय, काळे बूट आणि बसल्यावर पाय उघडा पडणार नाही असे लांब काळे मोजे. एवढ्यात माणूस राजबिंडा दिसतो.

भावाचा किंवा मित्राचा सूट मागून आणणार असाल, तर आधी खांदा पाहा. बाहीची लांबी, कमरेचा घेर, पँटची उंची आपला टेलर एका दिवसात नीट करून देतो. खांदा मात्र सहजासहजी बदलता येत नाही. खांदा बसला तर सूट बसला. काही कंपन्या बोटीवर डिनर जॅकेट भाड्यानेही देतात. त्याची चौकशी तिकीट काढतानाच करावी.

कपडा आणि टेबल

एक गोष्ट मात्र उघड बोलली पाहिजे. या बोटींवर कोणते टेबल मिळणार, हे कपड्यावर ठरत नाही. क्वीन मेरीवर बहुतेक प्रवासी 'ब्रिटानिया' या मोठ्या दालनात जेवतात. महागड्या केबिनवाल्यांसाठी 'प्रिन्सेस ग्रिल' आणि 'क्वीन्स ग्रिल' वेगळी. पोशाखाचा नियम तिन्हीकडे एकच आहे, पण कितीही भारी सूट घातला तरी ब्रिटानियाच्या तिकिटावर ग्रिलचे दार उघडत नाही. तिथे फरक भाड्याने पडतो. मग कपड्यासाठी कर्ज काढून काय मिळवायचे?

आणखी एक पाहा. अशा दालनांत पुष्कळदा जेवायला बसणाराही काळ्या कोटात असतो आणि वाढणाराही काळ्या कोटात. वाढणाऱ्याचा गणवेश कंपनीचा, आणि त्याची स्वतःची खानावळ खालच्या मजल्यावर. तो तिथे उभ्याउभ्या दहा-दहा तास राबतो. त्याच्या आईला त्या दालनात एका रात्री मानाने बसायला मिळत असेल, तर ती तिने त्याच्याच घामाने मिळवलेली जागा आहे. तिने खोलीत बसून राहणे त्याला जास्त लागेल, साडी साधी असण्याचे नव्हे.

लिहून दिलेला नियम हा तसा गरिबाचा मित्र असतो. तो वाचता येतो, समजून घेता येतो आणि थोडक्या खर्चात पाळता येतो. आपल्याला घाबरवतो तो न लिहिलेला नियम. 'हे आपल्यासाठी नाही' असे आपणच मनाशी ठरवून टाकतो, तो. त्या नियमाला कुठल्याही तिकिटावर जागा नाही.

तेव्हा तिकीट आले, की आधी त्यातला पोशाखाचा भाग घरातल्या शिकलेल्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या. समजले नाही तर कंपनीला फोन करून विचारा. कपाटातली चांगली साडी उन्हात टाका, सूट टेलरकडे न्या, बुटांना पॉलिश करा. आणि जेवणाची वेळ झाली, की सगळे मिळून वर दालनात जा.