रनिंग बॅक: भार एकावर की वाटून?

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू पुढे नेण्याचे दोन मार्ग आहेत. क्वार्टरबॅक तो हवेतून सहकाऱ्याकडे फेकतो, किंवा मागे उभ्या असलेल्या रनिंग बॅकच्या हातात देतो आणि तो प्रतिस्पर्ध्यांच्या फळीतून वाट काढत धावतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे नऊ मीटरांहून थोडे अधिक अंतर कापले, तर पुढचे चार प्रयत्न मिळतात. रनिंग बॅकच्या अशा प्रत्येक धावेला ‘कॅरी’ म्हणतात. एका सामन्यातल्या पंचवीस-तीस कॅरी एकाच खेळाडूला द्याव्यात की दोघा-तिघांत वाटाव्यात, हा अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधला, म्हणजे एनएफएलमधला, जुना वाद आहे.

एका कॅरीत काय घडते हे पाहिल्याशिवाय हा वाद कळत नाही. रनिंग बॅक दोन्ही हातांनी चेंडू पोटाशी घेतो. पुढे त्याचे सहकारी सव्वाशे-दीडशे किलो वजनाच्या बचावपटूंना रेटत असतात. त्या रेटारेटीत एखादी फट क्षणभर उघडते आणि मिटते. ती हेरायची, पाय वळवायचे आणि घुसायचे. धाव बहुधा तीन-चार यार्डांत संपते आणि ती संपते धडकेनेच: कोणी गुडघ्यांवर झेपावतो, कोणी खांद्यावर, कधी दोघे-तिघे एकदम. अर्ध्या-पाऊण मिनिटात पुन्हा तेच.

एकाच खेळाडूवर भिस्त ठेवणाऱ्या प्रशिक्षकांचे म्हणणे बिनबुडाचे नाही. सतत खेळणाऱ्या रनिंग बॅकला आपल्या पुढच्या फळीची लय सापडते. कोणता सहकारी कोणत्या बाजूला रेटणार हे त्याला अंगवळणी पडते. शिवाय शेवटच्या सत्रात बचाव फळी दमलेली असते आणि पहिल्या सत्रात दोन यार्डांवर अडलेली धाव तेव्हा दहा यार्ड जाते. तिसरा मुद्दा डावपेचांचा. धावणे, झेल घेणे आणि क्वार्टरबॅकला संरक्षण देणे ही तिन्ही कामे करणारा खेळाडू मैदानात असला, की आता काय होणार याचा अंदाज प्रतिस्पर्ध्याला बांधता येत नाही. वॉल्टर पेटन तेरा हंगामांत फक्त एका सामन्याला मुकला. एमिट स्मिथने पंधरा हंगामांत ४,४०९ कॅरी घेऊन १८,३५५ यार्ड केले आणि तो विक्रम अजून उभा आहे.

पण अशी शरीरे दुर्मीळ असतात. डेन्व्हरच्या टेरेल डेव्हिसने १९९८ मध्ये ३९२ कॅरींत २,००८ यार्ड केले आणि संघाने सलग दुसरे विजेतेपद मिळवले. पुढच्या वर्षी चौथ्याच सामन्यात त्याचा गुडघा निकामी झाला आणि त्यानंतरच्या दोन हंगामांसह तो जेमतेम १७ सामने खेळला. त्याच १९९८ मध्ये अटलांटाच्या जमाल अँडरसनने ४१० कॅरी घेतल्या. तोही पुढच्या हंगामाच्या दुसऱ्याच सामन्यात गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला. कॅन्सस सिटीच्या लॅरी जॉन्सनने २००६ मध्ये ४१६ कॅरींचा विक्रम केला; २००७ मध्ये तो निम्माच हंगाम खेळू शकला.

अशा उदाहरणांवरून ‘एका हंगामात ३७० कॅरी झाल्या की पुढचे वर्ष वाईट’ असा ठोकताळा रूढ झाला. त्यावर आक्षेपही घेतले गेले आणि ते रास्त आहेत. इतक्या कॅरी मिळतात त्या त्या वर्षी धडधाकट आणि फॉर्मात असलेल्यालाच; पुढचे वर्ष त्या मानाने सामान्य जाणे स्वाभाविकच असते. डेव्हिसला दुखापत झाली तीही धावताना नव्हे, प्रतिस्पर्ध्याने चेंडू हिरावल्यावर त्याला अडवायला जाताना. ३७० या आकड्यात जादू नाही. तरीही प्रत्येक कॅरी ही दुखापतीची एक नवी शक्यता असते, हे कुठल्याही गणिताने पुसले जात नाही. जलद गोलंदाजाला किती षटके द्यायची हे ठरवताना क्रिकेट कर्णधारापुढे असते तेच कोडे इथेही असते.

भार वाटण्याची पद्धत, म्हणजे ‘कमिटी’, नवी नाही. १९७२ चा मायामी डॉल्फिन्स संघ विजेतेपदासह सतराही सामने जिंकला, तो लॅरी झोंका आणि मर्क्युरी मॉरिस या जोडीच्या बळावर. झोंका धिप्पाड, मधूनच घुसणारा. मॉरिस चपळ, कडेने निसटणारा. झोंकाचे १,११७ यार्ड झाले. मॉरिसचे भरले ९९१, पण बफेलोविरुद्धच्या एका डावात त्याच्या नावावर चुकून लावलेले नऊ यार्डांचे नुकसान लीगने फिल्म तपासून काढून टाकले आणि आकडा बरोबर १,००० झाला. एका संघातल्या दोघांनी एकाच हंगामात हजार गाठण्याची ती पहिली वेळ.

कमिटीला खरे बळ मिळाले ते पासिंग वाढल्यामुळे. १९७८ च्या नियमबदलांनी चेंडू फेकणे सोपे केले आणि हळूहळू रनिंग बॅकचे काम फुटत गेले: एक गोलरेषेजवळ ताकदीने घुसणारा, दुसरा झेल घेणारा. न्यू इंग्लंडच्या २०१६ च्या हंगामात लगॅरेट ब्लाउंटने धावून १८ टचडाउन केले, म्हणजे तितक्या वेळा चेंडू गोलरेषेपलीकडे नेला, पण अंतिम सामन्यात संघ २८-३ असा पिछाडीवर पडल्यावर उपयोगी आला जेम्स व्हाइट. त्याने १४ झेल घेतले आणि जादा वेळेतला विजयी टचडाउनही त्याचाच. २०२३ मध्ये तर लीगमधल्या एकाही खेळाडूच्या ३०० कॅरी झाल्या नाहीत. सर्वाधिक होत्या डेरिक हेन्रीच्या, २८०.

या बदलाची किंमत खेळाडूंनी मोजली आहे आणि तिची चर्चा पुरेशी होत नाही. नवख्याचा पहिला करार चार वर्षांचा असतो. रनिंग बॅकची सर्वांत जोमाची वर्षे त्यातच, तुलनेने स्वस्तात, निघून जातात. काम वाटता येते म्हटल्यावर त्याला मोठी रक्कम देण्याची संघाला निकड उरत नाही. पिट्सबर्गचा लेव्हियन बेल २०१८ मध्ये करारावरून अडून बसला आणि अख्खा हंगाम खेळला नाही. त्याच्या जागी आलेल्या जेम्स कॉनरने ९७३ यार्ड केले. लॉस अँजेलिसच्या टॉड गर्लीला त्याच वर्षी चार वर्षांच्या वाढीव कराराचे पावणेसहा कोटी डॉलर कबूल झाले, पण गुडघा साथ देईना, तेव्हा २०२० मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्याला मोकळे केले गेले. शरीर झिजवणाऱ्याला मोबदल्याची हमी नाही, ही या खेळातली उघड विषमता आहे.

वाटणी नीट जमली की काय होते हे डेट्रॉइटने २०२३ मध्ये दाखवले. डेव्हिड मॉन्टगोमेरीचे १,०१५ यार्ड आणि जमीर गिब्सचे ९४५. दोघांचे मिळून धावून २३ टचडाउन. दोघांच्या धावण्याची जात वेगळी होती, म्हणून वाटणी फळली. एकाच साच्यातले दोघे असते तर फक्त विश्रांती मिळाली असती, प्रतिस्पर्ध्याची तारांबळ उडाली नसती.

दुसऱ्या टोकाला फिलाडेल्फियाचा सेक्वॉन बार्कली आहे. २०२४ मध्ये ३४५ कॅरींत त्याचे २,००५ यार्ड झाले. एरिक डिकर्सनचा १९८४ मधला २,१०५ यार्डांचा विक्रम मोडायला १०१ यार्ड हवे होते आणि साखळीतला एक सामना बाकी होता. त्या सामन्याच्या निकालाने संघाच्या स्थानात काही फरक पडणार नव्हता, म्हणून प्रशिक्षक निक सिरियानी यांनी त्याला बसवले. बार्कलीने त्यानंतरच्या बाद फेरीच्या चार सामन्यांत मिळून ४९९ यार्ड केले आणि फिलाडेल्फियाने अंतिम सामन्यात कॅन्सस सिटीला ४०-२२ असे हरवले.