बातमी ‘किल’ झाली म्हणजे काय झाले?

जुन्या अमेरिकन पत्रकारांच्या आठवणी आपण वाचायला घेतल्यात, तर ‘किल’ हे क्रियापद वारंवार भेटेल. ‘संपादकाने बातमी किल केली’ असे वाचताच आपण समजतो की कोणीतरी ती दडपली. हा अर्थ खोटा नाही. पण सगळीकडे तोच लावला, तर निरपराध संपादकावर आळ येतो.

छापखान्यातला अर्थ अगदी निरुपद्रवी. जो जुळवलेला मजकूर अजून छापायचा आहे तो ‘जिवंत’, ज्याचे काम संपले तो ‘मेलेला’. मजकूर ‘किल’ करणे म्हणजे खिळे सुटे करून खणांत परत टाकण्याची मोकळीक देणे. 1886 साली ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’मध्ये लायनोटाइप यंत्र आले, मग अशा ओळी वितळवून धातू पुन्हा वापरात येऊ लागला. म्हणजे छापून वाचकांच्या हाती पोचलेली बातमीसुद्धा ‘किल’ होत असे!

संपादकाच्या मेजावर अर्थ बदलतो. जागा कमी पडली की शेवटचा परिच्छेद ‘किल’. महत्त्वाचे आधी आणि किरकोळ शेवटी लिहिण्याची अमेरिकन रीत इथे उपयोगी पडे.

तारेने बातम्या पुरवणाऱ्या असोसिएटेड प्रेससारख्या संस्थांत हाच शब्द हुकूम होतो. पाठवलेली बातमी चुकीची किंवा कोणाची नाहक बदनामी करणारी निघाली, की सर्व वृत्तपत्रांना ‘किल’ची सूचना जाते : ही छापू नका. साधी दुरुस्ती वेगळी. तिच्यात एखादा शब्द किंवा आकडा बदलतो, इथे सबंध बातमीच मागे घेतली जाते. मी डॉक्टर, म्हणून मला हे चुकीचे औषध रोग्याच्या हाती पडण्याआधी परत मागवण्यासारखे वाटते. इथे ‘किल’ कोणाची तरी अब्रू वाचवतो.

आता दडपण्याचा अर्थ. क्यूबावरील ‘बे ऑफ पिग्ज’ स्वारीची बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ‘किल’ केली, असे कित्येकदा लिहिले गेले आहे. प्रत्यक्षात टॅड शुल्झ यांची ती बातमी 7 एप्रिल 1961 रोजी पहिल्याच पानावर आली. स्वारी झाली 17 तारखेला. चार स्तंभांचा योजलेला मथळा एका स्तंभावर आला आणि स्वारी अगदी तोंडावर आल्याचा व सीआयएचा उल्लेख गाळला गेला, एवढे मात्र खरे. माझ्या मते हे गाळणे गंभीरच होते. परंतु त्याला ‘किल’ म्हटले की नेमके काय गाळले आणि का, हा प्रश्नच कोणी विचारत नाही. बातमी अंगभर जखमा घेऊन छापली गेली होती.

आपल्या घरांत शब्दांचा केवढा विचार! बांगडी फुटत नाही, ‘वाढवते’. आम्हा जैनांकडे भाजी कापत नाहीत, ‘सुधारतात’. अमेरिकन पत्रकाराला असला संकोच नसावा. जुन्या कात्रणांच्या खोलीलाही ते ‘मॉर्ग’, म्हणजे शवागार, म्हणत.

एक अर्थ राहिला. मागवून घेतलेला लेख छापला नाही, तर लेखकाला ठरलेल्या मानधनाचा काही भाग देतात. त्याचे नाव ‘किल फी’. या नावाची रक्कम पावतीवर लिहून घेणे आमच्यासारख्याला जरा जडच जाईल.