डब्ल्यूएएम-4: उतरत्या भाजणीची वर्षं

नशिराबादकरांचं स्टेशन म्हणजे भादली. जळगाव आणि भुसावळच्या मधलं हे छोटं स्टेशन एका बाबतीत मात्र मोक्याचं: भुसावळच्या इलेक्ट्रिक लोको शेडमधून मुंबईच्या दिशेने निघालेलं प्रत्येक इंजिन इथूनच पुढे जायचं. त्यामुळे डब्ल्यूएएम-4 या इंजिनांची उमेद आणि उतार, दोन्ही या पट्ट्याने जवळून पाहिलं.

चित्तरंजनच्या कारखान्यात 1970 ते 1983 या काळात अशी सुमारे 500 इंजिनं बनली. त्याआधीची एसी इंजिनं युरोप-जपानच्या आराखड्यांवरची. हे मात्र आपल्या गरजांसाठी इथेच आखलेलं. बोगी डिझेल इंजिनाच्या धर्तीची, सहा मोटरी, 3,640 अश्वशक्ती. मेल ओढायची आणि मालगाडीही. तेव्हा मुंबईहून येणारी गाडी इगतपुरीपर्यंत 1,500 व्होल्टच्या डीसी विजेवर यायची. तिथे इंजिन बदललं की पुढे खानदेशाची वाट एसी इंजिनाची.

रेल्वेच्या हिशेबात विजेच्या इंजिनाचं आयुष्य 35 वर्षं. म्हणजे पहिल्या तुकडीची मुदत 2005 च्या आसपास भरली आणि शेवटच्या तुकडीची 2018 मध्ये. अखेरचा काळ तो हाच. पण वयाआधी त्यांचं काम सुटत गेलं. 1994 पासून 5,000 अश्वशक्तीची डब्ल्यूएपी-4 आली आणि चोवीस डब्यांच्या मेल-एक्सप्रेस तिच्याकडे गेल्या. मालवाहतूक डब्ल्यूएजी-5, डब्ल्यूएजी-7 आणि पुढे डब्ल्यूएजी-9 ने उचलली. मुंबई-इगतपुरीचा मार्ग टप्प्याटप्प्याने एसीवर आला, 2015 मध्ये मुख्य मार्गावरची डीसी वीज संपली आणि इगतपुरीचं इंजिन बदलणंही थांबलं. जुन्या इंजिनांच्या वाट्याला मग हलक्या गाड्या, पॅसेंजर आणि यार्डातली कामं उरली.

त्यात नव्या बनावटीचे एलएचबी डबे आले. या डब्यांचे दिवे-पंखे, वातानुकूलन चालवायला इंजिनातूनच वीज देण्याची पद्धत रुळली. ती सोय या इंजिनांत नव्हती. नव्या थ्री-फेज इंजिनांत ब्रेक लावताना वीज तारेत परत जाते. डब्ल्यूएएम-4 मध्ये तसं काही नव्हतं.

तरीही ती इतकी वर्षं टिकली, कारण ती दुरुस्त होणारी होती. ट्रान्सफॉर्मरच्या 32 टप्प्यांच्या टॅप चेंजरने वेग चढवायचा-उतरवायचा, आर्नो कन्व्हर्टर या वीज बदलणाऱ्या यंत्राचा गुणगुणाट कानात घेऊन. मध्येच डीजे, म्हणजे इंजिनाचा मुख्य सर्किट ब्रेकर, ट्रिप झाला की ड्रायव्हर आणि असिस्टंट बिघाड शोधण्याचं पुस्तक उघडत, एकेक रिले तपासत आणि गरज पडली तर रिलेला पाचर लावून गाडी पुढच्या स्टेशनापर्यंत नेत. नव्या इंजिनांत बिघाडाची नोंद संगणक देतो. जुन्यात ती कान, नाक आणि अनुभवाने काढावी लागे. धूर कुठून येतो, कोणता आवाज बदलला, यावर शेडमधल्या माणसांची पारख ठरत असे.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि पॅसेंजर गाड्या थांबल्या. 2022 मध्ये भुसावळ-इगतपुरी मार्गावर मेमू धावू लागली. मेमूला वेगळं इंजिन लागतच नाही. जुन्या इंजिनांसाठी उरलेला कामाचा कोपराही असा गेला.

या इंजिनांना म्हातारपणाने नेलं असं म्हणणं अर्धंच खरं आहे. त्यांना साजेशी गाडीच राहिली नाही, हे त्याहून मोठं कारण. भंगारात गेलेलं लोखंड वितळून पुन्हा कामाला येईल. पण ट्रिप झालेलं इंजिन आडरानात चालू करण्याची विद्या निवृत्त माणसांसोबतच जाईल. भुसावळ, जळगाव, नशिराबादच्या घराघरांत असे ड्रायव्हर, फिटर, चार्जमन आहेत. त्यांच्या नातवंडांनी वही घेऊन बसावं आणि ते सगळं आत्ताच लिहून घ्यावं.