वेल्डिंगचा पहिला धडा: सरळ रेघ

घरी वेल्डिंग शिकणाऱ्याने पहिल्याच दिवशी गेट जोडायला घेऊ नये. पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पट्टीवर नुसत्या सरळ रेघा ओढत बसावं. सिंगल फेजवर चालणारं छोटं इन्व्हर्टर मशीन आणि ६०१३ जातीचा अडीच मिलिमीटरचा रॉड सुरुवातीला पुरतो. करंट साधारण ७० ते ८० अँपिअर.

काडेपेटीची काडी ओढावी तसा रॉड पट्टीवर घासला की आर्क पेटतो. लगेच रॉड स्वतःच्या जाडीइतका वर धरायचा. फार जवळ गेला तर चिकटतो, लांब गेला तर शिंतोडे उडतात. शिवाय रॉड जळत आखूड होतो, म्हणून हात सतत खाली आणावा लागतो. खरं कसब इथेच आहे. नजर झगमगाटावर नव्हे, वितळलेल्या धातूवर हवी. थंड झाल्यावर, डोळ्यांवर पारदर्शक सेफ्टी चष्मा चढवून, वरचा स्लॅग हातोडीने ठोकून काढला की रेघ एकसारखी आली का ते दिसतं.

डोळ्यांबाबत हयगय अजिबात नको. दहा-अकरा नंबरच्या काळ्या काचेशिवाय पाहिलं तर त्रास काही तासांनी सुरू होतो: डोळे लाल, पाणी थांबत नाही. शेजारी बघत उभ्या पोरांनाही तोच धोका.

कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. चामडी हातमोजे कोरडे. जीआय पाइप टाळावा, कारण त्यावरचं जस्त जळून निघणाऱ्या धुराने थंडी वाजून ताप भरतो.